प्रश्न क्रमांक सात

चि. साहेबांस,

अनेक आशीर्वाद. ("साहेब" नका लिहू, लागेल त्याला, असं तुझी आई पलंगावरून सांगते आहे. पण पेन माझ्या हातात आहे.) तू, सूनबाई आणि तुमचा कुत्रा, सगळ्यांच्या प्रकृती उत्तम असाव्यात. साथ असली तरी कुत्र्यांना दिवसातून दोनदा फिरवायला परवानगी आहे असं ऐकतो, म्हणजे तुमच्या घरातलं कोणीतरी बाहेर पडत असणार. माझं बरं चाललंय. तुझ्या आईचं कमरेचं हाड जुळतंय, पण आधाराशिवाय तिने उभं राहायचं नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. तू तेव्हा फोनवर होतास, म्हणून पुन्हा लिहितो.

फोन करायचा सोडून पत्र कसलं, असं तुला वाटेल. अरे, मी फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, आणि तू करतोस तेव्हा मीटिंगला निघालेला असतोस. पोस्टमन मात्र अजून येतो. अकरा बसथांबे पलीकडून, तू साहेब आहेस त्या सुपरमार्केटची पाव-दुधाची पिशवी येत नाही, पण पत्र तीन दिवसांत पोहोचतं. मी चाळीस वर्षं घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले. आत माणसं असून दार उघडत नाही, हे मला नवीन नाही.

पहिल्यांदा तू सांगितल्याप्रमाणे तुमच्या ॲपवर प्रयत्न केला. पहाटे साडेपाचला उठून, चष्मा पुसून, फोन घेऊन बसलो. तुमच्यापुढे चार हजार तीनशे बारा ग्राहक आहेत, असं त्यावर आलं. मी दर दहा मिनिटांनी आकडा मोठ्याने सांगत होतो आणि आई पलंगावरून "उतरला का? उतरला का?" विचारत होती, तापाचा पारा विचारावा तसं. साडेआठला आकडा अकरावर आला. तेवढ्यात तिला बाथरूमला जायचं झालं. (आता या गोष्टीला काही रांग नसते.) तिला नेऊन आणेपर्यंत फोनने विचारलं होतं, तुम्ही अजून आहात का? मी उत्तर दिलं नाही म्हटल्यावर मी नाहीच असं समजून त्याने मला पुन्हा शेवटी नेऊन उभं केलं. सलग पाच दिवस हेच. सहाव्या दिवशी फोनच बंद पडला, त्यालाही वय झालंच आहे.

मग वर्तमानपत्रात तुझा फोटो आला. तुझ्या आईने कात्रण काढून औषधांच्या डब्यात ठेवलंय. एकही ज्येष्ठ नागरिक उपाशी राहणार नाही, असं तू त्यात म्हणतोस, आणि खाली हेल्पलाइनचा नंबर. दुरुस्त होऊन आलेल्या फोनवरून मी तो लावला. वय? शहात्तर. शाबास. घरात कोणी अंथरुणावर? आहे. शाबास. एकेका दुखण्याला गुण मिळत होते, शाळेत मला इतके कधी मिळाले नव्हते. आणि मग तो प्रश्न क्रमांक सात : याच गावात सज्ञान मूल राहतं का? आई कानाशी कुजबुजत होती, "सांगा ना, सांगा, तिथेच मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणावं." मी सांगितलं. छाती फुगवून सांगितलं. फोनवरची मुलगी म्हणाली, "मग काळजीच नाही काका, तेच आणून देतील." आणि फोन ठेवला.

तुला हे कळवलं तेव्हा तू काय म्हणालास ते मला पाठ आहे. सातवा प्रश्न तूच घातलास, त्याने यादी निम्म्यावर आली आणि सेवा सुधारली. (हेही बरंच आहे. माणसं कमी केली की रांग आपोआप कमी होते. आम्हाला मीटर कमी करायची ही युक्ती कधी सुचली नाही.) स्वतःच्या बापाचं नाव घुसवलं तर लोक काय म्हणतील, असंही म्हणालास. ते मला पटलं. खोटं नाही लिहीत, अभिमानसुद्धा वाटला. आणि रविवारी सामान घेऊन येतो म्हणालास. तो रविवार धरून आजवर पाच झाले. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची?

तिसऱ्या रविवारनंतर घरात दूध पावडर संपली, तेव्हा मी स्वतःच निघालो. दुकानाबाहेर फुटपाथवर रंगाने गोल काढलेत, एका गोलात एक माणूस. मी दोन तास गोलागोलाने पुढे सरकलो. परत आलो तर आई पलंगाशेजारी जमिनीवर. म्हणते, "काही नाही हो, गार वाटतं म्हणून बसले." हात बर्फासारखे गार पडले होते. शिवणकाम करणाऱ्या वरच्या बाईंना हाक मारली, आम्ही दोघांनी तिला उचलली. त्या बाईंसमोरही ती गार वाटण्याचंच सांगत होती. मला फार भीती वाटली रे. एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं, नळ सोडला आणि हेल्पलाइनला पुन्हा फोन केला. या खेपेला अर्ज तुझ्या आईच्या नावाने. सातव्या प्रश्नाला मी म्हटलं, मूलबाळ नाही. मला वाटलं होतं जीभ अडखळेल. नाही अडखळली. पलीकडची मुलगी म्हणाली, "अभिनंदन काका, तुम्ही पात्र आहात."

परवा सामान आलं. पाव नव्हता म्हणून टोस्ट आले, जे तुझ्या आईला चावत नाहीत. चार संत्री मागितली होती, चार किलो आली. पण आलं. दारात ठेवून, फोटो काढून माणूस गेला. इतक्या आठवड्यांत आमच्या दाराचा फोटो काढावासा वाटलेला तो पहिलाच.

सूनबाईंना आशीर्वाद. कुत्र्याला आठवण सांग.

तुझा,
बाबा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की अर्जात एका ओळखीच्या, नात्यात नसलेल्या गृहस्थाचा फोन नंबर द्यावा लागतो. मला तोंडपाठ असलेला नंबर एकच, तो मी दिला. तेव्हा पुढच्या खेपेआधी तुमच्याच ऑफिसातून तुला पडताळणीचा फोन येईल. कुटुंबाला ओळखतो, नातं काही नाही, एवढंच सांग. आडनावाचं विचारलं तर योगायोग म्हण. तुला फार खोटं बोलावं लागेल असं मला वाटत नाही.

ता. क. २. बाळा, तुझे बाबा पाकीट शोधायला गेलेत म्हणून मी लिहिते आहे. नळ सोडला तरी बाथरूममधलं सगळं मला ऐकू येतं. त्यांच्यावर रागावू नकोस. तुझ्यासाठी संत्री ठेवली आहेत, पण लवकर ये, नरम पडायला लागलीत. येशील तेव्हा मागच्या जिन्याने ये, कोणी पाहिलं तर यादीतून नाव जाईल. जिन्यात कोणी विचारलंच तर सांग, सामान पोहोचवायला आलोय. फक्त रिकाम्या हाताने येऊ नकोस, खरं वाटणार नाही.