अंगणातले दुसरे झाकण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली मदतनीस, एका सुताराची पत्नी (ते आता नाहीत) आणि दोन मुलांची आई, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात, राजीखुशीने आणि चष्मा लावून लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आयुष्यभर कोणाला जमले नाही, ते आता कशाला जमेल? माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत उतरले. डॉक्टर बहात्तरलाच कंटाळले होते.

कलम १. तीन वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घर विकून पैसे दोघा मुलांनी सारखे वाटून घ्यावेत असे लिहिले होते, आणि अंगणाचा उल्लेख 'पुढील निरुपयोगी जागा' असा केला होता. ते शब्द माझेच होते आणि ते खोटे होते. खोटे आहेत हे मला आठ आठवड्यांपूर्वी कळले. कसे कळले ते कलम ४ मध्ये आहे. थोरल्याने तिथवर उडी मारू नये, क्रमाने वाचावे. लहानपणीही तो गणिताचे उत्तर आधी मागच्या पानावर बघायचा.

कलम २. माझी मिळकत म्हणजे हे राहते घर. खाली दोन खोल्या, वर एक, स्वयंपाकघरामागे अडीच फूट रुंदीचा बोळ आणि पुढे अंगण. अंगण चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद. मी स्वतः मोजले आहे, तिन्ही ऋतूंत, कारण टेप उन्हात वाढते का हे मला बघायचे होते. वाढत नाही, निदान दिसण्याइतकी नाही.

या अंगणात जमिनीच्या पातळीत दोन गोल लोखंडी झाकणे आहेत. पहिले फाटकाच्या कोपऱ्यात. दुसरे बरोबर मध्यभागी. दोन्ही पाणीखात्याची, दोन्हींवर तीच अक्षरे, तोच गंज.

कलम ३. वारसांनी हे नीट समजून घ्यावे, कारण मला समजायला बत्तीस वर्षे लागली. खात्याने आपल्या अंगणातून नळ नेला म्हणून जमीन खात्याची होत नाही. जमीन आपलीच, नळ त्यांचा. नळाची देखभाल करायला त्यांना आत येऊ द्यावे लागते. पण येण्याआधी त्यांनी कळवायचे, खणले तर पुन्हा बुजवून फरशी होती तशी बसवून द्यायची, मोडतोड झाली तर भरून द्यायची, आणि कबूल केले त्याहून वीतभरही जास्त जागा घ्यायची नाही. आपण नळाला हात लावायचा नाही. आणि आपल्या जमिनीखाली काय आहे हे आपण विचारले, तर त्यांनी सांगायचे. हे शेवटचे वाक्य मला वकीलबाईंनी गेल्या वर्षी सांगितले. त्याआधी मला वाटायचे, विचारणे म्हणजे उपकार मागणे.

पहिल्या झाकणाखाली व्हॉल्व्ह आहे. रोज सकाळी सहाला चावीवाले भाऊ त्यांची लांब लोखंडी चावी घेऊन येतात, साडेअकरा फेरे देतात आणि सगळ्या गल्लीला पाणी सुटते. त्या झाकणाबद्दल माझी काही तक्रार नाही. चावीवाल्यांबद्दलही नाही, फक्त ते फाटक लोटून जातात, कडी लावत नाहीत.

कलम ४. दुसऱ्या झाकणाबद्दल.

दोन्ही झाकणे बसली तेव्हा आम्ही दोघे गावाला गेलो होतो. परत आलो तर फरशी नवी आणि झाकणे दोन. ह्यांना अंगणात एक खोली बांधायची होती. सुतारकामाची. ह्यांचा हात मोठ्या कामाचा होता, कपाटे, दरवाजे, पलंग. पण काम करायला होता तो मागचा बोळ. अडीच फुटांत सात फुटी फळी वळत नाही. उभी केली तर छपराला लागते. म्हणून ह्यांनी खोलीसाठी अर्ज केला. उत्तर आले: 'सदर जागेत सार्वजनिक सुविधा असल्याने झाकणांच्या सर्व बाजूंनी चार फूट बांधकाम करता येणार नाही.' एकच झाकण असते तर नऊ बाय अकराची खोली होत होती. मधल्या झाकणाने सगळे अंगण खाल्ले.

त्यानंतर ह्यांनी जन्मभर स्टुले आणि तसबिरींच्या चौकटी केल्या. बोळात मावेल तेवढेच. लोक म्हणायचे, काय स्टूल करतो माणूस, वर हत्ती उभा राहील! हे हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा.

मधल्या झाकणाखाली काय आहे? मी खात्याला अकरा पत्रे लिहिली. खात्याने ताकास तूर लागू दिली नाही. नऊ पत्रांना उत्तर नाही. दोन पत्रांना आले: 'माहिती उपलब्ध नाही.' चावीवाले म्हणायचे, "ताई, असेल जुनी लाइन. आपल्याला काय करायचंय?" ह्यांचे म्हणणे, खाली मोठा नळ असणार, कारण एवढे मोठे नुकसान लहान नळ कसा करेल? थोरला म्हणायचा, खजिना. धाकटी चार वर्षांची असताना म्हणाली होती, खाली आणखी एक अंगण आहे आणि तिथल्या बाई वर बघून हाच विचार करत असतील. मला आजही हे मत सर्वांत पटते.

मी प्रयोगशाळेतली बाई, शाळेने टाकून दिलेल्या बाटल्याही घरी आणून ठेवणारी. बिनचिठ्ठीची बाटली उघडायची नाही, पण आत काय आहे ते कळेपर्यंत तिला विसरायचेही नाही, हा आमचा शिरस्ता. मी वही घातली. वहीतल्या तीन नोंदी इथे उतरवते.

एक: थंडीत पहाटे पहिल्या झाकणावर दव जास्त, ते ऊन आल्यावरही टिकते. मधल्या झाकणावरचे दव फरशीबरोबरच वाळते.

दोन: पाणी सुटते तेव्हा पहिल्या झाकणाला कान लावला तर घरघर ऐकू येते. मधल्याला कान लावला तर फक्त माझा कान ऐकू येतो.

तीन: मधल्या झाकणाच्या कडेने मुंग्या ये-जा करतात आणि बारीक, स्वच्छ वाळू बाहेर आणून टाकतात. पहिल्याच्या कडेला मुंगी नाही.

एवढे सगळे लिहूनही निष्कर्षाची जागा मी बत्तीस वर्षे कोरी ठेवली. निरीक्षण बरोबर होते. निष्कर्ष काढायला मी धजावले नाही, कारण झाकणावर सरकारी अक्षरे होती.

आता ती गोष्ट लिहिते जी मुलांना माहीत नाही. अर्जाला नकार आला त्याच्या दुसऱ्या दिवशी हे पहार घेऊन अंगणात आले. म्हणाले, "उचलून बघतो. तीन मिनिटांचं काम आहे." मी झाकणावर उभी राहिले. म्हटले, "अहो, सरकारी झाकण आहे. हात लावलात तर गुन्हा होईल. रीतसर विचारू." मी नाकासमोर चालणारी बाई. हे पहार भिंतीला टेकवून बोळात गेले आणि स्टूल करायला घेतले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आठ आठवड्यांपूर्वी पाणीखात्याच्या इंजिनिअर बाई आल्या. धाकटीच्या वयाच्या, पायात चिखलाचे बूट, हातात संमतीपत्र. पाण्याचा दाब मोजणारी एक पेटी अंगणात बसवायची आहे, सही करा. मी म्हटले, "करते की. पण आधी माझ्या जमिनीत तुमचं आधीचं काय काय आहे ते दाखवा. झाकणं उघडून."

त्या म्हणाल्या, "आजी, ते कशाला?"

"सही माझी लागणार आहे ना? मग माझी एक अट." बत्तीस वर्षे मी त्यांच्याकडे मागत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याकडे मागत होते, हे माझ्या लक्षात आले होते.

बाई भल्या होत्या. वाद न घालता त्यांनी चावीवाल्यांना हाक मारली. मधले झाकण उचलायला तीन मिनिटे लागली. मी घड्याळ लावले होते.

आत वाळू होती. झाकणाच्या कडेपर्यंत भरलेली, सपाट केलेली. सळई सहा फूट खाली गेली, कुठेही अडली नाही. डोंगर पोखरला तर निदान उंदीर तरी निघतो. इथे तोही नव्हता.

बाईंनी खात्यातून जुना नकाशा काढून आणला. त्यात आमच्या अंगणात दोन चेंबर होते आणि एकावर लाल रेघ: रद्द. पण कामाच्या यादीत आकडा दोनच राहिला होता. चावीवाले मान खाली घालून म्हणाले, "ताई, तेव्हा तपासनीस झाकणं मोजायचा. वाकून आत कोण बघतंय? ठेकेदाराकडं झाकण उरलं असणार. यादीला मेळ बसावा म्हणून ठेवलं वाळूवर."

म्हणजे कोणी आमचे वाईट चिंतले नव्हते. आकडा जुळावा एवढेच कोणाला तरी हवे होते. ह्यांचा हात त्या आकड्याखाली बत्तीस वर्षे गाडला गेला, आणि वर मी उभी होते. त्या दिवशी मी फाटकाची कडी लावून घेतली आणि खूप रडले. मग वही काढून निष्कर्षाच्या जागी लिहिले: वाळू. मुंग्यांचे बरोबर होते.

इंजिनिअर बाईंनी स्वतःच्या सहीने लिहून दिले आहे की मधल्या झाकणाखाली खात्याचे काहीही नाही, नव्हते, आणि त्यासाठी घातलेली बांधकामबंदी उठवण्यात येत आहे. तो कागद सोबत जोडला आहे. नव्या पेटीला मी संमती दिली, फाटकाच्या कोपऱ्यात, पहिल्या झाकणाच्या चार फुटांच्या आतच. तीही माझ्या समोर मोजून.

कलम ५. घराची वाटणी. वरची खोली, खालच्या दोन्ही खोल्या आणि बँकेतली शिल्लक थोरल्याला. त्याने घरासाठी गिऱ्हाईक बघून ठेवले आहे हे मला ठाऊक आहे. "आई, अंगणात दोन झाकणं असलेलं घर कोण घेणार? जो घेतोय त्याला देऊन टाकू," असे तो म्हणाला तेव्हा त्याचे खरे होते. आता खरे नाही.

अंगण आणि मागचा बोळ धाकटीला. ती बापाकडून काम शिकली आणि आज गावाबाहेर भाड्याच्या शेडमध्ये नाटकांचे दरवाजे, जिने आणि खिडक्या बनवते. मोठमोठे. तिथे फळी वळते. मालकाने तिला शेड रिकामी करायला सांगितले आहे, हे तिने माझ्यापासून लपवले. शेडचा मालक आमच्या शाळेचा जुना विद्यार्थी निघाला, त्याच्याकडून कळले. तिने अंगणात नऊ बाय अकराची खोली बांधावी. थोरल्याने घर विकलेच, तर अंगण वगळून विकावे.

कलम ६. ह्यांची हत्यारे, म्हणजे तीन रंधे, सात पटाश्या, दोन करवती आणि गुण्या, धाकटीला. पहार थोरल्याला. ती त्याने बापाची म्हणून घ्यावी, माझ्यावरचा राग म्हणून नव्हे. तसेच माळ्यावर कापडात बांधलेल्या, पेन्सिलने आकडे घातलेल्या तेवीस फळ्या धाकटीला. त्या ह्यांनी खोली होणार म्हणून आधीच तासून ठेवल्या होत्या. त्या कशाच्या आहेत हे ह्यांनी मला सांगितले नाही आणि त्या दिवसानंतर मी विचारलेही नाही.

कलम ७. माझी वही इंजिनिअर बाईंना. त्यांच्या खात्यात तिचा उपयोग होईल. चावीवाल्यांना माझा पितळी पेला द्यायचा होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून त्यांनी तो सहीच्या आधीच नेला आहे.

कलम ८. यापुढे कोणीही संमतीपत्र घेऊन दारात आले, तार असो, नळ असो, खांब असो, तर वारसांनी भांडू नये आणि घाबरूही नये. बसायला स्टूल द्यावे, कागद पूर्ण वाचावा, आणि सहीआधी म्हणावे: उघडून दाखवा.

दुरुस्ती. सह्यांसाठी डॉक्टर यायला आज दीड तास उशीर झाला. तेवढ्यात धाकटीने माळ्यावरच्या फळ्या अंगणात उतरवल्या आणि आकडे बघून जुळवायला घेतल्या. सातव्या फळीला तिला दोन हात पुरेनात. थोरला पायरीवर फोन बघत बसला होता. तो उठला आणि न सांगता त्याने दुसरी बाजू धरली. एकही खिळा लागला नाही. खाचेत खाच बसत गेली. मधल्या झाकणाच्या जागी ते उभे राहिले तेव्हा वरचा कप्पा माझ्या डोक्याच्या हातभर वर होता. आतल्या बाजूला पेन्सिलने ह्यांचे अक्षर निघाले: 'हिच्या बाटल्यांसाठी.'

सबब कलम ६ मध्ये 'तेवीस फळ्या' असे लिहिले आहे, ते 'एक कपाट' असे वाचावे.

सही: (लिहून देणार)

साक्षीदार १: डॉक्टर, गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले (सही)
साक्षीदार २: पाणीखात्याचे चावीवाले (सही, आज जाताना कडी लावली)

ठिकाण: राहते घर, अंगण
दिनांक: ११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ