कौल न घेता

कारापूर

प्रिय जानकीताई,

बुधवारी सकाळी आंघोळ करून मी देवळात गेलो. तुझ्या निरोपाप्रमाणे भटजी कौल लावायला बसलेच होते. मूर्तीवर पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. मी त्यांचा हात थांबवला. ते हसले, "गोकुळदासा, देवीक विचारूंक आयलास काय सांगूंक?" मी म्हटलं, सांगूंक.

देवेश माझा नातू असला तरी तुझा जीव त्याच्यात किती आहे, ते मला ठाऊक आहे. तान्हा असताना न्यूमोनियाने निळा पडला, तेव्हा तूच देवीपुढे पदर पसरलास: पोर वाचू दे, पाच वर्षांचा होईपर्यंत नुस्तं-अंडं, मासळीचा तुकडासुद्धा, त्याला शिवू देणार नाही. पोर वाचलं. तेव्हापासून आमच्या ताटांत तारल्या आणि त्याच्या वाटीत पेज.

आता अडीच वर्षांचा आहे. खोकला जातो तर हगवण लागते, ती थांबते तर कान वाहतो. दर दुखण्याला सूनबाई शेवंती पेज आणखी पातळ करते, पोटाला जड नको म्हणून. परवा डिचोलीच्या दवाखान्यात नेला. बाहेर बाकावर गोव्याच्या घटकराज्याच्या गप्पा रंगल्या होत्या. आत डॉक्टरांनी त्याचा दंड दोन बोटांत धरला. म्हणाले, "औषध मी देतो, पण रोगाशी झुंजायचं ते याच्या अंगानं. उपाशी पोराला झुंजायला पाठवता?" अंडं, मासळी, डाळ, तूप द्या; आजारात थोडं थोडं पण वरचेवर, बरा झाला की जास्तच.

ताई, त्याला मासळी द्यावी का म्हणून कौल लावला असता आणि डावी पाकळी पडली असती तर? देवीचा दिवा मी कधी चुकवला नाही. पण लेकरानं जेवावं का, हे देवीआईला विचारायचं? मी नाही विचारणार. गाव म्हणेल, गोकुळदास माजला. म्हणू दे.

तू धसक्याने धावत येशील आणि त्याचं ताट पुन्हा उचलशील, म्हणून लिहितो आहे. नवस मोडलेला नाही. देवीसमोर पाणी सोडून मी तो माझ्यावर घेतला. देवेश पाच वर्षांचा होईपर्यंत नुस्तं-अंडं मी शिवणार नाही. शेवंती म्हणते, "तारल्यांशिवाय तुमचे चार दिवस तरी निघतील?" निघतील. त्याच दुपारी तारलीचे काटे काढले, भातात कुस्करली आणि माझ्या हाताने त्याला पोटभर भरवली.

तुझाच धाकटा,
गोकुळदास