राणीनं तोंडानं सांगायचं

माय,

अण्णा गेले. तुला कुणी सांगितलं असेल की नाही, मला माहीत नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. शेवटचे आठ महिने ते माझ्याकडेच होते, नांदेडला. उजवी बाजू गेली होती, बोलणं मात्र शाबूत होतं. तुझ्या जावयानं त्यांना उचलून अंघोळीला नेलं, दाढी करून दिली. पहिल्या दिवशी अण्णा डोळे घट्ट मिटून बसले होते. पंधरा दिवसांनी त्याला म्हणाले, "मिशी जरा कमी कर." जावयाशी त्यांचं बोलणं सुरू झालं ते असं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. तू जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, कारण लिहायला बसलं की राणीची गोष्ट मधे येते आणि तिथं माझा हात थांबतो. आज थांबू द्यायचा नाही असं ठरवून बसले आहे.

मुखेडचं आपलं स्वयंपाकघर. मी दहावीत आहे. तू शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवून दुपारी घरी येतेस, लुगड्याला धुराचा वास, आणि हातपाय धुऊन पुन्हा घरच्या चुलीपुढं बसतेस. मी भिंतीला टेकून वही उघडते. तुला वाचता येत होतं, पण अक्षराला अक्षर जोडत, म्हणून मी वाचायचं आणि तू भाकरी थापता थापता ऐकायचं, असं आपलं ठरून गेलं होतं. गोष्ट माझीच. कुठल्याच नकाशात नसलेला एक मुलूख. राजा मरतो आणि एकोणीस वर्षांच्या पोरीला गादीवर बसावं लागतं. मुलखाच्या एका अंगाला डोंगर, तिथल्या लोकांच्या हुकमात वारा. दुसऱ्या अंगाला अफाट तळं, त्याच्या तळाशी राहणाऱ्यांच्या हुकमात पाणी. दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. डोंगरातल्या तरुण सेनापतीनं राणीला घोड्यावर बसायला शिकवलेलं, आणि तळ्यातला एक जण काठावर येऊन तिच्याशी तासन्‌तास बोलत बसायचा. राणीचा दोघांवर जीव. डोंगरातल्याशी लग्न केलं तर विहिरींचं पाणी निघून जाणार, तळ्यातल्याशी केलं तर वारा ढगांना अडवून धरणार.

तू त्या दोघांना नावानं कधी ओळखलंच नाहीस. एक डोंगरवाला, एक पाण्यातला. तुझा कौल पाण्यातल्याला होता. मी विचारलं, का? तू भाकरी उलटवत म्हणालीस, "त्यो इचारतो की तिला, जेवलीस का म्हणून. डोंगरवाला कवाच इचारत न्हाई." मी कधी असं लिहिलं होतं हे मलाही आठवत नव्हतं. मागची पानं चाळली तर खरंच होतं, एका ठिकाणी, एकाच ओळीत. पुढं एकदा डबा विसरलीस म्हणून मी तुझ्या शाळेत आले, तर खिचडीच्या शेडमध्ये चुलीशेजारी पाच-सहा पोरी बसलेल्या आणि तू मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवत त्यांना राणीची गोष्ट सांगून राहिलेली. मला इतकी लाज वाटली की डबा दारातच ठेवून मी परत फिरले. आज माझ्या वर्गात मुली गोष्ट ऐकताना तशाच मान वर करून बसल्या की मला ती शेड दिसते. तेव्हा मात्र घरी येऊन मी तुला बोलले होते, "माझी गोष्ट कुणाला सांगायची नाही." तू मान हलवलीस. सांगणं काही थांबवलं नाहीस.

बारावीच्या परीक्षेआधी मला ती गोष्ट उरकायची होती. दोन पानांत लढाई लावली, पाण्यातल्याला बाण लागला, तो मेला, राणीनं डोंगरवाल्याशी लग्न केलं. मी वाचून संपवलं तेव्हा तव्यावरची भाकरी करपत होती आणि तू तिच्याकडं पाहतही नव्हतीस.

"त्याला कामून मारलंस?"

"लढाई होती माय."

"लढाई कुठली. तुला ठरवता येईना म्हणून मारलंस त्याला."

मी काहीतरी पुटपुटले, गोष्टीत असं चालतं वगैरे. तू करपलेली भाकरी बाजूला काढलीस. "राणी हाय ती. न्हाई म्हणायचं तर राणीनं तोंडानं सांगायचं, त्याच्या पुढ्यात उभं राहून. त्यो मरून गेला म्हंजे ही सुटली व्हय?" दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. गोष्टीतल्या माणसासाठी तू माझ्याशी अबोला धरलास याचा मला राग आला, आणि राग गेल्यावर मी ती पानं फाडली. मी लातूरला कॉलेजला निघाले तेव्हा तू एक वही दिलीस. शाळेच्या जुन्या हजेरीपटांतली कोरी पानं जमवून, गोधडीच्या सुईनं शिवलेली, वरून लुगड्याच्या काठाचं कव्हर. "निवांत लिही," म्हणालीस. "घाई करू नको तिची."

लातूरला तो भेटला. तुझ्या पाण्यातल्यासारखा तो मुळीच नव्हता. वाद घालायचा, चहा प्यायला की कप तिथंच विसरायचा, आणि मी जेवले का हे त्यानं पहिल्या वर्षभरात एकदाही विचारलं नसेल. पण मी बोलायला लागले की तो गप्प बसून शेवटपर्यंत ऐकायचा. कंधारजवळच्या गावचा, बौद्ध घरातला. त्याचे वडील शिक्षक, घरात आपल्यापेक्षा पुस्तकं जास्त. आपलं घर शेतीवालं, आणि अण्णांचं सगळं जग भावकीत बांधलेलं. काय होणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चार वर्षं मी ते कुणालाच कळू दिलं नाही. मग अण्णांनी उदगीरकडचं एक स्थळ आणलं आणि मला सांगावं लागलं. आधी तुला सांगितलं. तू तुरीची डाळ निवडत होतीस. सूप खाली ठेवलंस आणि निवडलेले खडे एका बाजूला सारलेस.

"चांगला हाय का?"

"हाव."

"तुझे अण्णा लई चिडतील. घरात घेणार न्हाईत तुला." मग म्हणालीस, "पर पळून जाऊ नको. तूच सांग अण्णाला, तोंडानं. मी बाजूला उभी ऱ्हाते. काय बोलायचं ते बोलू दे, मारलं तर मार खा. मग दिवसाढवळ्या दारातून जा. मी बसस्टँडपर्यंत येते."

मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी अण्णा शेतातून आले, पाय धुतले, ओसरीवर बसले. तू पलीकडं पाणी भरायला गेली होतीस. अण्णांनी मला जवळ बोलावून विचारलं, पुढची परीक्षा कधी आहे, पुस्तकं आणायची आहेत का. इतक्या मायेनं ते वर्षातून एकदा बोलायचे. माझं तोंड उघडलं आणि त्यातून परीक्षेची तारीख निघाली. तू हंडा घेऊन आलीस तेव्हा ते उठून गेले होते. तू डोळ्यांनीच विचारलंस. मी म्हणाले, "सांगितलं. काही बोलले नाहीत. विचार करतो म्हणाले." तुझा चेहरा तेव्हा कसा मोकळा झाला होता, माय. तू हंडा उतरवून ठेवलास आणि माझ्या गालावरून ओला हात फिरवलास.

सकाळी तू शाळेत गेल्यावर मी फॉर्म भरायला जाते, उद्या येईन असं अण्णांना सांगून नांदेडच्या बसमध्ये बसले. तिथं आम्ही लग्नाची नोंद केली. त्या रात्री जेवताना तू अण्णांना हळूच म्हणालीस, "पोरीनं तुम्हाला सांगितलंच हाय, तर आता मनात राग धरू नका." शेजारच्या मावशीनं मला हे नंतर सांगितलं. अण्णांनी विचारलं, "काय सांगितलंय?" आणि मग सगळं तुला सांगावं लागलं, माझ्या वाटचं, एकटीनं. मी तोंड चुकवलं ते अण्णांपुढं, पण अण्णांच्या लेखी चोर तू ठरलीस, कारण तुला आधी माहीत होतं. ते तुला मारते, ओरडते, तर बरं झालं असतं. त्यांनी तुझ्याशी बोलणं सोडलं. एका घरात, एका चुलीपुढं, दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत आपण एकदाच भेटलो. गल्लीतल्या बायका माहूरला देवीला निघाल्या, तू त्यांच्यात आलीस आणि मावशीच्या मोबाइलवरून मला फोन केलास. मला सातवा महिना होता. गडाच्या पायऱ्या मला चढवल्या नसत्या म्हणून तू दर्शन उरकून धापा टाकत खाली आलीस, आणि नारळाच्या दुकानामागं दगडावर आपण अर्धा तास बसलो. तू वाळली होतीस. माझ्या पोटावर हात ठेवून म्हणालीस, "अण्णाला सांगितलं न्हाईस ते जाऊ दे. मला कामून फसवलंस?"  तू उत्तराची वाट पाहिली नाहीस, प्रसादाचा नारळ फोडून मला खोबरं देत बसलीस, आणि मग विचारलंस, "राणीचं पुढं काय झालं?"

मी काहीच लिहिलं नव्हतं. तरी म्हणाले, राणीनं दोघांना समोर बसवून सांगितलं, दोघांनाही पटलं, वैर मिटलं.

"खोटं बोलून राहिलीस," तू हसून म्हणालीस. "पोरींना मी काय सांगते, ऐक. राणी डोंगरावर जाती, त्याला न्हाई म्हणती. मंग त्यो वारा बंद करतो. तळ्याच्या लोकास्नी बी राग, की आधी डोंगरावर कामून गेलीस. पाणी बी बंद. समदा मुलूख तिला शिव्या देतो."

"मग?"

"मंग काय. बसती गादीवर. राणी हाय, कुठं जाईल? लोकांचं ऐकून घेती आन्‌ रोज काम करती."

मावशीनं हाक मारली, गाडी सुटत होती. तू उठलीस, गुडघ्यावर हात ठेवून. लहानपणापासून मला वाटत आलं होतं की त्या दोन्ही अंगांच्या मधे उभी असलेली मी आहे. तुझी पाठ बायकांच्या घोळक्यात दिसेनाशी झाली तेव्हा कळलं, मी तर कधीच एका अंगाला निघून आले होते. मधे तू होतीस. एका हाताला मी, एका हाताला अण्णा, आणि दोघांनाही सोडायचं नाही हे तू मनाशी पक्कं केलेलं.

त्यानंतर वर्षभरात तुला कावीळ झाली. नांदेडच्या दवाखान्यात तू तीन दिवस होतीस. माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. मला मावशीचा फोन आला तो तुला मुखेडला नेऊन सगळं उरकल्यावर. मी धावत आले, तर भावकीतल्या माणसांनी दारातच थांबवलं, आणि अण्णा ओसरीवरून उठले नाहीत. चार वर्षांनी ते स्वतःच माझ्या दारात येऊन उभे राहिले. मी पाणी दिलं, ते प्याले, नातीला मांडीवर घेतलं. तुझा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

जायच्या आठ दिवस आधी मी त्यांना पेज भरवत होते. तोंड पुसलं तर म्हणाले, "दवाखान्यात तिनं मला इचारलं होतं, पोरीचं घर कुन्या अंगाला हाय म्हणून."

मी चमचा धरून बसले.

"मला म्हाईत होतं. तुझा पत्ता माझ्या खिशात होता. मी म्हणलं, मला काय म्हाईत." मग म्हणाले, "दोन वर्सांत मी तिच्यासंगं बोललो ते तेवढंच."

"मग?"

"मंग ती खिडकीकडं तोंड करून पडली."

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर मी ताट फेकून देईन. मी उरलेली पेज भरवली. त्यांच्यावर चिडायला मला तोंड नव्हतं, माय. तुझ्याशी आम्ही दोघंही खोटंच बोललो. मी "सांगितलं" म्हणाले, ते "माहीत नाही" म्हणाले. आणि तू दोघांवरही विश्वास ठेवलास. किंवा ठेवला नाहीस आणि तसं दिसू दिलं नाहीस. यातलं काय खरं, हे विचारायला आता कुणी उरलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. तुझ्या जावयालासुद्धा नाही, कारण खालचं वाचून तो मला समजावत बसेल. अण्णा गेल्यापासून मी ते तीन दिवस पुन्हा पुन्हा मोजून पाहते आहे, तेव्हा मी कुठं होते, काय करत होते. पहिल्या दिवसाचं काही आठवत नाही. तिसऱ्या दिवशी पेपर तपासत होते. मधला दिवस रविवार होता. आम्ही तिघं नदीच्या घाटावर गेलो होतो. पोरगी पहिल्यांदाच काही न धरता उभी राहिली, लगेच धपकन खाली बसली आणि स्वतःच खदखदून हसली. तिच्याबरोबर आम्हीही पोट दुखेपर्यंत हसलो. अंधार पडेपर्यंत तिथंच होतो. फार चांगला दिवस होता तो, माय. त्या दिवशी मला तुझी आठवण एकदाही आली नाही.