बर्फावरून ओढत नेलेलं गाव

सोल्बाक,
१२ मे १९५४

प्रिय सुनिवा,

एक गाव सहा मैल सरकवायला खरं काय काय लागलं, ते परवा कागदावर मांडत होतो. बावीस घोडे, त्यातले दोन पुन्हा उभे राहिले नाहीत. आपल्या ओलेच्या उजव्या पायाची दोन बोटं, थंडीनं गेलेली. नॉर्वेहून जपून आणलेली मार्थाची चिनी मातीची भांडी, पहिल्याच चढाला चक्काचूर. आणि लार्सची देवावरची श्रद्धा, ती मात्र उन्हाळ्यात परत आली. रेल्वेनं रूळ ओढ्यापलीकडून टाकले; रेल्वे काही आपल्यासाठी वळणार नव्हती, म्हणून आपण गाव वळवलं.

हा हिशेब मांडण्याचं कारण, जुलैत सोल्बाकला पन्नास वर्षं होताहेत आणि समितीनं इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. गुद्रुन सभेत म्हणाली, “अस्लाकला द्या. कुणाच्या घरात कधी कोणती कपबशी फुटली तेसुद्धा त्याला ठाऊक असतं.” मीही नको म्हणालो नाही. दुकानाच्या गल्ल्यामागे जन्म काढलेल्या माणसाचे कान लांब होतात. भर सभेत छाती काढून सांगितलं, की या गावाचं मला ठाऊक नाही असं काही नाही.

गाव हलवलं त्या हिवाळ्यातलं लिहिताना मजा आली. घरांखाली ओंडके सरकवले, घोडे जुंपले आणि घरं निघाली बर्फावरून, धुराड्यातून धूर सोडत. गुद्रुननं वाटेत पाव भाजला, तो एका बाजूनंच फुगला. माझं दुकानही चालता चालता उघडं होतं. ओले मागून ओरडला, “तंबाखू आहे का रे?” मी दारातून ओरडलो, “आहे, पण पळत ये, दुकान थांबायचं नाही!” रुळाकडच्या धान्याच्या कोठारावर आता हातभर अक्षरांत रंगवलंय, ‘आम्ही आमचं गाव आणलं, मागे काही ठेवलं नाही.’ वाक्य माझंच.

तुझ्या घराशी आलो आणि लेखणी अडली. बाकी सगळ्यांची घरं लाकडी झाली होती, तुझं अजून गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांचंच होतं. ते ओढून नेण्यासारखं नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “सुनिवा, तुझं घर न्यायचं तर पोत्यात भरावं लागेल!” सगळे हसले. तूही हसलीस. मग म्हणालीस, “तुम्ही व्हा पुढे दादा, मी येते मागून.” तुझ्या नवऱ्याला, हाल्वोरला, विहिरीतल्या विषारी हवेनं गाठलं त्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, गावातली पहिली कबर त्याची. तू त्याच्यापाशी थांबलीस, तिथे एकटीनं वर्ष काढलंस आणि मग माझ्या दारावरूनच समुद्राकडची गाडी पकडलीस. मी लोकांना सांगत राहिलो, आमच्या सुनिवाला एकांत आवडतो. तुला एक लाकडी खोली बांधून देणं मला जड नव्हतं. त्या वर्षी मी दुकानाला दुसरं दालन जोडलं.

जुन्या गावाची जमीन आता पेत्रो नावाच्या युक्रेनी शेतकऱ्यानं घेतली आहे, भला माणूस आहे. गेल्या गुरुवारी तो दुकानात आला, टोपी काढली आणि काही विकत न घेता उभा राहिला. म्हणाला, “काका, नांगराला एक कुजकी फळी अडकून आली, शवपेटीची वाटते; कुठून उपटली ते कळलं नाही. तुमचं तिथं कुणी आहे का?” मी हो म्हणालो. “मग जागा दाखवा. तेवढी सोडून पेरतो. पण महिनाअखेरीला गहू जमिनीत पडायला हवा.”

मी ओले आणि गुद्रुनला मोटारीत घालून तिथे गेलो. आता जुन्यांपैकी आम्ही तिघंच उरलोय. ओले म्हणाला, कबरी तळ्याच्या उत्तरेला. गुद्रुन म्हणाली, “तू तेव्हाही प्यालेला असायचास आणि आत्ताही आहेस. पूर्वेला, टेकाडापाशी.” मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटानं गवत सारत हिंडलो, जागा मलाही सांगता येईना. क्रूस एका वणव्यात जळाले म्हणे. कोणत्या, तेही कुणाला धड सांगता येईना. आणि दर नाताळात तुला मी लिहीत आलो, तिकडे सगळं नीट आहे. मला तसं वाटायचं, सुनिवा. सहा मैल जाऊन बघितलं मात्र कधीच नाही.

शनिवारी तुझं पत्र आलं. जुलैत येते, आधी हाल्वोरकडे जाईन, मग तुझ्या घरी, असं लिहिलंयस. माझी वेळ आली की त्याच्या शेजारी ठेवा, असंही. वाचून झाल्यावर मी दुकानाचं दार लावून घेतलं. म्हणून हे पत्र. जुलैची वाट पाहू नकोस, आताच ये. तिकीट सोबत ठेवलंय. पेत्रो अठ्ठावीस तारखेपर्यंत थांबतो म्हणालाय, त्यापुढे थांबलं तर त्याचं पीक हातचं जाईल. तुझ्या घराच्या जागी अजून मातीचा उंचवटा आहे, तो मी लगेच ओळखला. रोज संध्याकाळी त्या दारातून तू बादली घेऊन निघायचीस, हाल्वोरच्या उशाशी लावलेल्या लायलॅकच्या फुलझाडाला पाणी घालायला. लायलॅक राहिलेला नाही. पण त्या उंचवट्यावर उभी राहिलीस तर तुझे पाय कदाचित तुला नेतील. आल्यावर मला हवं तसं बोल, मी ऐकून घेईन. सोल्बाकमध्ये आज चारशे बारा माणसं राहतात. हाल्वोर कुठे पुरलाय, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नाही.

तुझा भाऊ, स्टेशनवर येऊन थांबणारा,
अस्लाक