दोन सह्यांचा प्रिंटर

२ मार्च
आला! थ्रीडी प्रिंटर आला एकदाचा! महिनाभर वापरून बघायचा. ठेवायचा तर आम्हा दोन्ही मालकांच्या, दादाच्या नि माझ्या, सह्या हव्यात. माझी झाली. एबरहार्टदादा लंगडत दारापर्यंत आला, म्हणाला, "रोस्विता, खेळणं मांडलंयस!" आणि गेला लोणी लावलेली ब्रेत्सेल, तो गाठ मारलेला पाव, खायला.

५ मार्च
आमचं ओतकाम करणारा शेवटचा कारखानाही बंद झाला. गिऱ्हाइकांच्या जुन्या बेकरी-मशीनचे सुटे भाग आता आणायचे कुठून? दादाचं एकच — "नवं मशीन घ्या म्हणावं." वा रे वा! बाबांनी विकलेली मशीनं ती. त्या बेकरीवाल्यांना वाऱ्यावर सोडू?

९ मार्च
बेकरीवाला त्सेलर धापा टाकत आला. ब्रेत्सेल वळायच्या मशीनचा दांडा मोडलाय. तुकडे जुळवून स्कॅन केले. थरावर थर चढत गेले आणि संध्याकाळी दांडा तयार! एकच नग — साचा नको, शंभराची ऑर्डर नको. मी तर नाचलेच.

१० मार्च
फजिती! दादा मुद्दाम त्सेलरकडे जाऊन आला. ब्रेत्सेल एका बाजूनं फुगीर. झिजलेला दांडा स्कॅन केला, तर झीजही हुबेहूब उतरली! "तुझं खेळणं भलतंच प्रामाणिक गं," म्हणे. रडू आलं मला. बाबांच्या आराखड्यावरून लगेच दुसरा छापला.

१२ मार्च
त्सेलरचा फोन. "ताई, पहिलाच दांडा बरा! गिऱ्हाइकं विचारतायत, आमची पोटवाली ब्रेत्सेल कुठे गेली?" वीस वर्षं तशीच खातायत! पोट धरून हसले.

१४ मार्च
दादा काही ऐकत नाही. "ब्रेत्सेलचं ठीक आहे. पण छापलेल्या वस्तूवर मी माझा भार टाकणार नाही. सही नाही म्हणजे नाही."
भार टाकायला खुबा कुठाय धड! अंगण झाडायची पाळी आज त्याची होती. मी करते म्हटलं तर खेकसला. झाडूवर रेलत, थांबत थांबत झाडलं. सोमवारी खुबा बदलायचं ऑपरेशन. फार भीती वाटतेय मला. त्याला मुळीच सांगणार नाही.

१६ मार्च
छान झालं ऑपरेशन. हुश्श!

१७ मार्च
डॉक्टरबाईंनी दादाला आज चालवलं. मग सांगितलं — खुब्यात बसवलेली वाटी टायटॅनियमची आहे, थरावर थर देऊन छापलेली.
आत्ता त्याचा फोन आला. "रोस्विता, मी उभा आहे. कागद घेऊन ये."