एकवीस दिवसांची भरपाई

चोपडे, शुक्रवार संध्याकाळ

आज गेमच्या कंपनीचं उत्तर आलं. सर्व्हर बंद राहिले त्याबद्दल दिलगिरी, आणि माझ्या वर्गणीत एकवीस दिवस वाढवून दिलेत. चार तक्रारी लिहिल्यावर! जिंकल्यासारखं वाटलं. लगेच मस्कतला सईला फोन लावला.

घटस्फोटानंतर तिची आई तिला घेऊन तिकडे गेली. तेव्हापासून दर शुक्रवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही बापलेक त्या गेममध्ये एक होडी बांधत होतो. फोनवर आमचं बोलणं लगेच आटपतं. होडी बांधताना मात्र ती शाळेतलं सगळं सांगायची. मग तीन शुक्रवार गेमच बंद.

"एकवीस दिवस फुकट गावले गो," मी म्हटलं. "आज येतंस?"

"नाय पप्पा. शुक्रवारी आता माझो डान्स क्लास असता." मग म्हणाली, "तेव्हा गेम बंद होतो, पण फोन तर चालू होतो ना? तू फोन कित्याक नाय केलंस?"

काय सांगणार? त्या तिन्ही शुक्रवारी मी कंपनीला लिहीत बसलो होतो, हे? खरं म्हणजे भीती वाटत होती. होडी नसताना आम्ही बोलणार काय? एकवीस दिवस भांडून मिळवले, आणि पोरीला एक फोन केला नाही.

"बरां बाय, नाच शिक," एवढंच म्हटलं.

ती लाइनवर थांबली होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी काहीच बोललो नाही, तेव्हा तिने फोन ठेवला.