बसवाला वर्नन

२२ जून

डायरी, आधीच माफ कर. शुद्धलेखन माझं कच्चं, आणि एकाच बोटाने टाइप करते म्हणून वेळ लागतो. शाळा सोडून दीड वर्ष झालं. पप्पा बास्केटबॉल खेळतात, टीव्हीवर दिसतात. ते हरले की दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. जिंकले तरी बघायचाच. एक दिवस गेलेच नाही. मग कधीच नाही.

३० तारखेला पप्पांचा करार संपतो. संध्याकाळी सहाला ते मोकळे, कुठल्याही संघाशी बोलू शकतात. वय सदतीस. रेडिओवर दिवसभर तेवढंच — टेरेल विंबुशला मोठा करार द्यायचा का नाही? डेक्स म्हणून एक जण तो कार्यक्रम चालवतो. म्हणतो, "घोडा म्हातारा झाला आणि हरभरे महाग झाले." पप्पा गुडघ्यावर बर्फ ठेवून स्वयंपाकघरात ऐकत बसतात. बंद करत नाहीत.

२३ जून

डेक्सला मेसेज पाठवला. माझ्या नावाने कसा पाठवणार? लिहिलं — वर्नन, वय ५४, बस चालवतो. "विंबुशने तरुणपणी बांधलेल्या तुटपुंज्या पगारात खेळून आपल्या संघाला फायनलला नेलं. तेव्हाचं आता द्या. तीन वर्षं द्या."

डेक्सने वाचला! पप्पा हसले. किती दिवसांनी.

२५ जून

रोज पाठवते. डेक्स आता "आपला वर्नन" म्हणतो. लोक फोन करून वर्ननशी भांडतात.

आत्या मासे तळत होती. पप्पा म्हणाले, "बघ रोझेटा, बसवाल्याला कळतं."

आत्या म्हणाली, "त्याला बस चालवू दे. पगार पुढच्या कामाचा असतो टेरेल. लग्नातला लाडू बारशाला मागू नये."

"मला लग्नात लाडू दिलाच कुठे होता गं?"

दोघं हसले. मी पण.

गाडी चालवायच्या परीक्षेत चारदा नापास झालेली आत्या नऊला बसने येते. त्याआधीचं तिला माहीत नाही. सकाळी पप्पा जिना बसून उतरतात. एकेक पायरी. मी खाली उभी राहते, शेवटी हात देते. म्हणतात, "नाइला, हे आपलं दोघांचं हां." कुणाला सांगितलं नाही. तुलाच पहिल्यांदा.

२७ जून

प्रूइट काका आले. पप्पांचे करार तेच ठरवतात. संघ म्हणतो, एक वर्ष खेळ, मग पोरांना शिकवायला आमच्याकडेच राहा. चांगलंय की! मी थंड चहाचा जग घेऊन दारातच थांबले.

"तीन वर्षं. त्याच्या खाली नाही," पप्पा.

"गुडघा?"

"ठणठणीत."

"टेरेल, तीन कशाला देतील ते?"

"शहर माझ्या बाजूने आहे. रेडिओ ऐकत जा जरा. वर्नन काय एकटा आहे का?"

एकटाच आहे. जग धरून दारात उभा आहे.

२८ जून

वर्ननला उलटं बोलायला लावलं. "विंबुश, एक वर्ष घे. पाय शाबूत राहिले तर पुढे चालता येईल."

डेक्स म्हणाला, "वर्नन, आज बस उन्हात लावली होतीस का रे?"

पप्पा हसले नाहीत. म्हणाले, "यालाही फोडला कुणीतरी." जेवले नाहीत. ताट तसंच.

२९ जून

आज काय झालं सांगू? डेक्सला एका माणसाचा फोन आला. "मी वर्नन बोलतोय. कालचा मेसेज माझा नाही. कुणीतरी भामट्याने माझं नाव वापरलं. तीन वर्षं द्या त्याला."

घोगरा आवाज. अगदी बसवाल्याचा. पप्पांनी टेबलावर थाप मारली. "मला वाटलंच होतं!"

मी काय म्हणू? खरा वर्नन मी? का वर्नन नाहीच मुळी? सगळ्या दारांना आतून कड्या, आणि त्या मीच घातल्यात.

३० जून

सातच्या आत काकांचा फोन. तीन वर्षं. मोठा आकडा. मिळालं! शेजारी बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते. आत्यासुद्धा नाचली. मी बाथरूममध्ये जाऊन बसले.

अजून तोंडीच ठरलंय. सही सहा जुलैला, डॉक्टरांची तपासणी झाल्यावर. त्याआधी कुणालाच सही करता येत नाही, नियम आहे.

२ जुलै

पप्पा जिन्यात मधेच थांबले. बराच वेळ. म्हणाले, "जरा बाहेर बघतोय." आमच्या जिन्याला खिडकी नाही.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाचे फटाके. प्रूइट काका पप्पांना हळू आवाजात — "तपासणीआधी एक इंजेक्शन घे. मग गुडघा दुखत नाही, कुणाला कळतही नाही." पप्पा बरं म्हणाले. म्हणजे तीन वर्षं इंजेक्शनं. आणि नंतर?

६ जुलै

पप्पांना तपासणीला न्यायला गाडी आली होती. इंजेक्शनवाला घरी यायचा होता, पप्पांनी त्याला सरळ काकांच्या ऑफिसात बोलावलं. मी दारात उभी राहिले.

"वर्नन मी आहे."

"कोण वर्नन?"

"बसवाला."

"त्याचा तर फोन आला होता."

"तो दुसराच कुणीतरी. मेसेज सगळे मी लिहिले."

पप्पा म्हणाले, "तीन वर्षं द्या म्हणणारी तू?"

"हो. तुम्ही हसावं म्हणून."

"आणि एकच घे म्हणणारी?"

"ती पण मी. ती खरी."

दोन्ही खांदे धरून मला हळूच बाजूला केलं आणि गेले.

७ जुलै

सही झाली नाही. इंजेक्शन घेतलंच नाही म्हणे. डॉक्टरांनी हात लावायच्या आत पप्पांनीच गुडघ्याचं सगळं सांगितलं. आता तीन नाहीत, एक पण नाही. प्रूइट काका फोनवर ओरडत होते. पप्पा झोपलेत. दुपारचे. असे झोपलेले मी कधी बघितले नव्हते.

आत्या गाडीच्या परीक्षेत पास झाली, पाचव्या खेपेला. खाली हॉर्न वाजवतेय.